जुन्या चित्रपटांचीं भित्तिपत्रकें आणि त्यांचें अस्तर

जुन्या वस्तूचें मोल कशानें वाढतें आणि कशानें घटतें, हा प्रश्न सोन्याचांदीच्या बाबतींत सोपा आहे. कस पाहावा, वजन करावें आणि बाजारभावानें हिशेब मांडावा. कागदाच्या बाबतींत तो इतका सोपा नाहीं. आणि तो कागद जर मुळांत चार दिवस भिंतीवर राहून उन्हापावसांत नाहींसा होण्यासाठींच छापलेला असेल, तर त्याचें मोल ठरविणें म्हणजे एक छोटेखानी इतिहाससंशोधनच होऊन बसतें. आज मी आपल्याशीं जुन्या चित्रपटांच्या भित्तिपत्रकांविषयीं, म्हणजे ज्यांना आपण सर्वजण पोस्टर म्हणतों त्यांच्याविषयीं, बोलणार आहें. आणि त्यांतहि एका लहानशा गोष्टीविषयीं. अशा पोस्टराच्या पाठीस कापडाचें अथवा पुठ्ठ्याचें अस्तर लावलें, तर त्याचें मोल वाढतें कीं घटतें?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु आपल्या वऱ्हाडांत तो क्षुल्लक नाहीं, आणि याचें कारण इतिहासांत आहे. 'मध्यप्रांत व वऱ्हाड' हें प्रांताचें नांव १९५० सालीं गेलें आणि १९५६ सालीं आपले जिल्हे मुंबई राज्यांत आले. पण चित्रपटांच्या व्यापाऱ्यांच्या भाषेंत 'सी. पी. बेरार' हा मुलूख अद्याप जिवंत आहे. या भागांत चित्रपट पोंचविणाऱ्या वितरकांचीं मोठीं ठाणीं भुसावळ आणि अमरावती येथें होतीं. फितींच्या जड पत्र्याच्या पेट्या रेल्वेनें येत आणि अमरावतीहून गांवोगांवच्या चित्रपटगृहांकडे रवाना होत. पेटीबरोबर घड्या घातलेल्या पोस्टरांचा गठ्ठा असे. त्यांतील कांहीं खळ लावून भिंतींवर चिकटविलीं जात, कांहीं चित्रपटगृहाच्या दारांतील चौकटींत लागत आणि उरलेलीं कोठल्या तरी माळ्यावर जाऊन पडत. पुढें नवा चित्रपट आला कीं जुन्या पोस्टरावरच नवें चिकटविलें जाई. अर्थात् जें भिंतीला लागलें तें गेलें, आणि जें माळ्यावर विसरलें गेलें तेंच काय तें वांचलें.

गेल्या तीस वर्षांत जुनीं चित्रपटगृहें एकामागून एक बंद पडलीं. फितींच्या पेट्यांचें येणेंजाणेंहि थांबलें, कारण आतां चित्रपट फितीवर येतच नाहीं. माळे रिकामे होऊं लागले आणि गठ्ठे खालीं आले. कांहीं रद्दीच्या भावानें गेले. कांहीं मात्र जाणत्या माणसांच्या हातीं पडले, आणि त्यांनीं मोठ्या प्रेमानें तीं पोस्टरें चौकटवाल्याकडे नेलीं. येथेंच आपला प्रश्न उभा राहतो. रद्दीवाल्यानें एखादें पोस्टर नष्ट केलें तर त्यास आपण अज्ञान म्हणतों. परंतु प्रेमानें लावलेल्या अस्तरामुळें तें नष्ट झालें, तर त्यास काय म्हणावें?

हा कागद जपण्याजोगा कां, हें प्रथम पाहूं. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईस शिळामुद्रणाचा छापखाना काढला आणि देवादिकांचीं रंगीत चित्रें घरोघर गेलीं. दादासाहेब फाळके हे चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं याच मुद्रणविद्येंत वावरलेले होते. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहांत लागला. पुढें कोल्हापूरचे बाबूराव पेंटर या क्षेत्रांत आले. ते स्वतःच चित्रकार असल्यामुळें त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या जाहिरातींनाहि चित्रकाराचा हात लागला. १९२४ सालच्या त्यांच्या 'कल्याण खजिना' या मूकपटाचें भित्तिपत्रक हें आज उपलब्ध असलेल्या भारतीय चित्रपटांच्या भित्तिपत्रकांत सर्वांत जुनें मानलें जातें.

शिळामुद्रणांत प्रत्येक रंगासाठीं निराळा दगड, आणि पुढें जस्ताचा निराळा पत्रा, लागत असे. छपाई संपली कीं दगड घासून दुसऱ्या कामास घेत. म्हणजे कारागिरानें दगडावर काढलेलें चित्र पुसलें गेलें, आणि राहिल्या त्या केवळ कागदावरील प्रती. पोस्टराची एखादी प्रत फाटली तर दुसरी काढूं, असें म्हणण्याची सोयच उरली नाहीं.

आणि ज्या चित्रपटांसाठीं हे कागद छापले, ते चित्रपट तरी कोठें आहेत? आपल्या देशांत तेराशेंच्या आसपास मूकपट निघाले. त्यांतील हाताच्या बोटांवर मोजण्यापेक्षां फारसे अधिक आज पाहावयास मिळत नाहींत. १४ मार्च १९३१ रोजीं प्रदर्शित झालेला 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट. त्याची एकहि प्रत उपलब्ध नाहीं. जुन्या फिती ज्या नायट्रेट द्रव्याच्या असत, तें द्रव्य आपोआप कुजतें आणि ठिणगी पडतांच भडकतें. ८ जानेवारी २००३ रोजीं पुण्यास लागलेल्या आगींत अशा अनेक अमूल्य फिती जळून गेल्या. चित्रपट नाहीं, दगड नाहीं. राहिला तो कागद. त्यावरील नटांचीं मुद्राचित्रें, वेषभूषा, अक्षरांचें वळण, कंपनीचें नांव, हींच त्या चित्रपटाचीं उरलेलीं साधनें. इतिहासाच्या विद्यार्थ्यास ताम्रपटाचें जें महत्त्व, तेंच येथें या स्वस्त कागदाचें.

कागद स्वस्त होता, हें मात्र विसरून चालणार नाहीं. लांकडाच्या लगद्यापासून केलेल्या अशा कागदांत कालांतरानें आम्ल वाढतें, तो पिवळा पडतो, मग तपकिरी होतो आणि शेवटीं पापडासारखा मोडतो. घडी जेथें पडली तेथें शाई उडते आणि चारदोन वेळां उलगडल्यावर तेथेंच तो फाटतो. त्यांत आपल्या वऱ्हाडची हवा. वैशाखांत अकोल्यास पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि दोन महिन्यांत पावसाळी दमट हवा सुरू होते. कागद आक्रसतो, पुन्हां फुगतो. कसर, झुरळ आणि वाळवी यांचा ससेमिरा निराळाच. अशा कागदास कांहीं तरी आधार द्यावा, असें कोणासहि वाटेल, आणि तें वाटणें योग्यच आहे.

हा आधार देण्याची रीत जुनी आहे. माझी सारी नोकरी शाळेंत गेली, आणि शाळेंतील भिंतीवरचा जुना नकाशा ज्यांनीं उलटून पाहिला असेल, त्यांना ती ठाऊक असेल. नकाशाचा कागद पाठीमागून कापडावर चढविलेला असे, वरखालीं लांकडी रूळ असत, आणि पोरांनीं रोज गुंडाळला-उलगडला तरी असा नकाशा वर्षानुवर्षें टिकत असे. कागदाच्या पाठीस दुसरा थर देण्याची युक्ति आपल्या लोककलावंतांनाहि अवगत होती. कोंकणांतील पिंगुळीचे चित्रकथी आपलीं चित्रें पाठीस पाठ लावून चिकटवीत. त्यामुळें पान ताठ राही आणि कथा सांगतांना हातांत धरतां येई.

पोस्टराला कापडाचें अस्तर लावण्याची जी मान्य पद्धति आज जगभर चालते, ती याच जातीची आहे. प्रथम लांकडी चौकटीवर सुती कापड ताणून बसवितात. त्यावर आम्लरहित कागदाचा एक थर खळीनें चिकटवितात. मग पोस्टर ओलें करून, त्याच्या पाठीस पातळ खळ लावून तें या कागदावर पसरतात, मऊ कुंचल्यानें हवा काढतात, आणि ताणलेल्या स्थितींत कित्येक दिवस सावकाश वाळूं देतात. वाळतांना घड्या आपोआप सपाट होतात. या कामाला इंग्रजींत तागाच्या तलम कापडाचें नांव आहे. प्रत्यक्षांत आज बहुतेक ठिकाणीं साधें सुती कापडच वापरतात. कापूस पिकविणाऱ्या आपल्या मुलखास तें परकें वाटूं नये.

खळहि परकी नाहीं. उन्हाळ्यांत आपल्या घरीं कुरडयांसाठीं गहूं भिजवून, वाटून, गाळून जो चीक काढतात, तोच जवळजवळ या कामाचा मूळ पदार्थ आहे. नुसत्या कणकेची खळ तितकी चांगली नव्हे. कारण कणकेंतील चिकट भाग पुढें कठीण होतो आणि किडीला आवडतो. किडीसाठीं खळींत मोरचूद घालण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. किडी त्यानें दूर राहतात खऱ्या, परंतु मोरचुदांतील तांबें कागदाला आंतून जाळतें. तेव्हां पोस्टराच्या खळींत मोरचूद घालूं नये.

गव्हाच्या चिकाचा खरा गुण चिकटण्यांत नाहीं, तर सुटण्यांत आहे. पाणी लागलें कीं ती खळ मऊ होते आणि कागद पुन्हां मोकळा करतां येतो. आज केलेलें काम उद्यां कोणास पटलें नाहीं, अथवा पन्नास वर्षांनीं याहून चांगली रीत निघाली, तर तें उलटवितां येतें. माझ्या समजुतीप्रमाणें या साऱ्या विषयाचें मर्म एवढेंच आहे. जें अस्तर काढतां येतें, तें पोस्टराचें मोल राखतें. जें काढतां येत नाहीं, तें मोल खाऊन टाकतें.

याची एक नामी साक्ष अमेरिकेंत मिळाली. पेनसिल्व्हेनिया संस्थानांतील बर्विक गांवीं एका घराच्या माळ्यावर पोस्टरांचा जाड थर सांपडला. १९३० नंतरच्या मंदीच्या काळांतील तीं पोस्टरें भिंतीच्या कागदाला वापरतात त्या खळीनें एकावर एक चिकटलेलीं होतीं. ती खळ पाण्याला व वाफेला सुटणारी असल्यामुळें एकेक पोस्टर अलग करतां आलें. अशीं ३३ पोस्टरें निघालीं, आणि २०१२ सालीं त्यांच्या लिलावांत ५ लाख डॉलरांहून अधिक रक्कम आली. तीच पोस्टरें हल्लींच्या एखाद्या न सुटणाऱ्या रासायनिक डिंकानें चिकटविलेलीं असतीं, तर त्या थराचें मोल पुठ्ठ्याइतकेंच राहिलें असतें.

आतां आपल्या बाजारांत काय चालतें तें पाहा. पोस्टर घेऊन गेलें कीं चौकटवाला बहुधा तीन गोष्टी सुचवितो. पहिली, प्लायवुडावर अथवा दाबलेल्या भुशाच्या फळीवर डिंकानें चिकटविणें. दुसरी, उष्णतेनें वितळणाऱ्या चिकट कागदावर पोस्टर ठेवून गरम यंत्रांत दाबणें. तिसरी, दोन्ही बाजूंनीं प्लास्टिकचा पापुद्रा चढविणें. तिन्हींचा पहिला परिणाम डोळ्यांस सुखद असतो. पोस्टर कसें आरशासारखें सपाट दिसतें! परंतु फळींतील आम्ल हळूहळू कागदांत उतरतें. यंत्रानें बसविलेलें पोस्टर सोडवूं गेल्यास कागदाचे पदर निघतात. प्लास्टिकमध्यें कोंडलेला कागद पुन्हां मोकळा होत नाहीं. जाणता ग्राहक अशा पोस्टराकडे पाहून मान हलवितो, आणि पुष्कळदां त्याची किंमत मूळच्या अल्पांशावर येते. पारदर्शक चिकटपट्टीचीहि हीच कथा. ती कांहीं वर्षांनीं सुटून पडते, पण तिचा पिवळा डाग मागें राहतो.

या विद्येस आज इतकें महत्त्व येण्याचें कारण म्हणजे या कागदांना आलेली किंमत. 'मेट्रोपोलिस' या १९२७ सालच्या जर्मन मूकपटाचें एक पोस्टर २००५ सालीं ६,९०,००० डॉलरांस विकलें गेलें. १९३१ सालच्या 'ड्रॅक्युला' बोलपटाचें एक पोस्टर २०१७ सालीं लिलावांत ५,२५,८०० डॉलरांस गेलें. आपल्याकडील भाव या मानानें पुष्कळच लहान आहेत. तथापि मुंबईंतहि २००० नंतर चित्रपटविषयक वस्तूंचे लिलाव होऊं लागले, आणि ज्यास रद्दी म्हणत त्यास गिऱ्हाईक आलें.

मग कापडाच्या अस्तरानें किंमत वाढते कीं घटते? उत्तर पोस्टराच्या प्रकृतीवर अवलंबून आहे. जें पोस्टर मुळांतच निकोप आहे, ज्याच्या घड्या शाबूत आहेत आणि रंग ताजे आहेत, त्यास अस्तर लावूं नये. अनेक संग्राहक अशा अस्पर्श प्रतीलाच अधिक दाम देतात, आणि हलकीशी घडी हा ते दोष मानीत नाहींत; कारण घडी हीच त्या काळच्या पोस्टराची जन्मखूण आहे. जें पोस्टर घड्यांवर फाटलें आहे, कडांनीं झिजलें आहे आणि उलगडतांना मोडूं पाहतें, त्यास सुटणाऱ्या खळीचें कापडी अस्तर लावल्यास त्याचें आयुष्य वाढतें, भिंतीवर लावतां येतें, आणि किंमतहि टिकते किंवा वाढते. अलीकडच्या काळांतील, चांगल्या कागदावर छापलेल्या पोस्टरास मात्र अस्तर लावलें कीं ग्राहकास संशय येतो, कीं याखालीं काय दडविलें आहे?

हा संशय निराधार नसतो. अस्तर लावतांना भोकें कागदाच्या लगद्यानें बुजवितां येतात आणि वर रंगहि भरतां येतो. भोंक बुजविणें ही शुश्रूषा झाली. पण अर्धा चेहरा नव्यानें रंगवून जुनें म्हणून विकणें ही लबाडी झाली. म्हणून प्रतिष्ठित लिलावगृहें आपल्या यादींत पोस्टर कापडावर चढविलें आहे कीं नाहीं, आणि त्याची दुरुस्ती कोठें कोठें झाली आहे, हें नमूद करतात. सांगून केलेली दुरुस्ती बाजार क्षमा करतो; लपविलेली करीत नाहीं.

इतिहासाच्या दृष्टीनें याहूनहि महत्त्वाची एक गोष्ट आहे. अस्तर लावलें कीं पोस्टराची पाठ झाकली जाते, आणि पुष्कळदां खरी साक्ष पाठीवरच असते. वितरकाचा शिक्का, एखाद्या गांवाचें नांव, पेन्सिलीनें टिपलेली तारीख, या खुणांवरून तें पोस्टर कोणत्या वाटेनें फिरलें तें कळतें. कागदाची जाडी आणि शाई पाठीमागें किती उतरली आहे, यावरून मूळ छपाई व मागाहूनची छपाई यांतील भेद ओळखतां येतो. 'मुघल-ए-आझम' १९६० सालीं आला आणि संपूर्ण रंगीत होऊन २००४ सालीं पुन्हां आला. दोन्ही वेळचीं पोस्टरें एका मोलाचीं कशीं असतील? पाठ झाकली गेल्यावर हा निवाडा कठीण होतो. सबब अस्तर लावण्यापूर्वीं पाठीचें छायाचित्र घ्यावें आणि तें पोस्टराबरोबर जपावें.

समासाचेंहि तसेंच. चौकट लहान म्हणून पोस्टराची खालची पांढरी कड कापण्याची खोड आपल्याकडे आहे. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्यानें छापील कागदावर मुद्रकाचें नांव आणि छपाईचें ठिकाण देणें आवश्यक केलें होतें, आणि पोस्टरावर तो मजकूर बहुधा या कडेंतच बारीक अक्षरांत असतो. कड कापणें म्हणजे दस्तऐवजावरील सही कापणें. चौकट मोठी करावी, पण कागद लहान करूं नये.

एक अपवाद सांगितला पाहिजे. चित्रपटगृहाच्या दर्शनी भागांत लावण्यासाठीं 'शो-कार्ड' करीत. नटनट्यांचीं छायाचित्रें कापून, रंगवून, पुठ्ठ्यावर चिकटवून हाताची अक्षरें काढलेलीं हीं चित्रें जन्मतःच चिकटविलेलीं आहेत. येथें पुठ्ठा हें मागाहूनचें अस्तर नसून कृतीचाच भाग आहे. पुठ्ठा जुना झाला म्हणून चित्रें सोडवून नव्या पुठ्ठ्यावर लावणें म्हणजे मूळ वस्तु मोडणें होय.

ज्यांच्या घरीं किंवा बंद पडलेल्या चित्रपटगृहाच्या माळ्यावर असे गठ्ठे असतील, त्यांना शेवटीं थोडें व्यवहाराचें सांगतों. घाई करूं नका. अस्तर न लावतांहि पोस्टर टिकवितां येतें. तें सपाट ठेवावें, आम्लरहित कागदाच्या पदरांत ठेवावें, आणि ऊन, ओल व वाळवी यांपासून दूर ठेवावें. भिंतीवर लावावयाचेंच असेल तर कांच कागदास टेंकणार नाहीं अशी खोल चौकट करावी आणि ती उन्हासमोर टांगूं नये. अस्तर लावणें भागच असेल, तर कारागिरास तीन प्रश्न विचारावे. खळ कसली, आणि ती पाण्यानें सुटेल काय? कापड आणि पोस्टर यांमध्यें आम्लरहित कागद घालणार काय? कड कापणार नाहीं ना? तिन्हींचीं उत्तरें समाधानकारक मिळेपर्यंत पोस्टर हातचें सोडूं नये.

आणि ज्यांना तीं सांभाळणें शक्य नाहीं, त्यांनीं रद्दीवाल्यास हांक मारण्यापूर्वीं पुण्यास एक पत्र टाकावें. १९६४ सालीं स्थापन झालेलें आणि २०२२ सालीं राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळांत विलीन झालेलें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय तेथें आहे. फितींबरोबर पोस्टरें, छायाचित्रें आणि गाण्यांच्या पुस्तिकाहि तेथें जतन करतात. अमरावतीच्या गोदामांतून कधीं काळीं गांवोगांव गेलेला एखादा गठ्ठा तेथें पोंचला, तर एखाद्या हरवलेल्या चित्रपटाचें तोंड पुढील पिढीस पाहावयास मिळेल.